डेलावेअरच्या काठाने तेरा सायकली आणि एक व्हॅन

न्यू जर्सीत राहून डेलावेअर नदीच्या खोऱ्यात सायकल चालवली नसेल तर जरूर जा. ऑक्टोबरात जा, झाडं रंगलेली असतात, ऊन बोचत नाही. फक्त आमच्या ग्रुपबरोबर जाऊ नका.

आमचा ग्रुप म्हणजे एडिसन आणि आसपासचे बारा मराठी पुरुष, वयं पस्तिशीपासून पंचावन्नपर्यंत, सगळे कॉम्प्युटरवर पोट भरणारे. सायकलींच्या किमती विचारू नका, न विचारताच सांगतात. कार्बनची फ्रेम किती ग्रॅमने हलकी आहे यावर अर्धा तास बोलतील, स्वतःच्या पोटाचे ग्रॅम कोणी मोजत नाही. दोन दिवसांत मिळून पंचेचाळीसेक मैल, जे इथला एखादा बरा सायकलवाला एका सकाळीत उरकून घरी जाऊन जेवतो. आणि या पराक्रमाच्या मागून एक व्हॅन. त्यात पोहे, साबुदाण्याची खिचडी, चहाचे थर्मास, केळी, पंप, सगळ्यांची जाकिटं, आणि स्टिअरिंगवर गेली चार वर्षं मी. माझा नवरा मिलिंद ग्रुपमध्ये आहे ना, म्हणून. असं कोणी ठरवलं नव्हतं, तसंच चालत आलं होतं.

यंदा मी जुलैमध्येच सांगून टाकलं की मी सायकल चालवणार. पुण्यात शाळा-कॉलेजची आठ वर्षं मी सायकलवर काढली आहेत, तीही मैत्रिणीला डबलसीट घेऊन. जाहिरात बघून दोनशेवीस डॉलरला एक जुनी सायकल घेतली. मिलिंदचा पहिला प्रश्न, "अगं पण व्हॅन?" माझ्या गुडघ्यांचं काय, हे नाही विचारलं, व्हॅनचं विचारलं!

ग्रुपचा कॅप्टन सुहास. पदवी त्याने स्वतःच घेतली आहे. तो म्हणाला, "वहिनी, वेलकम! पण रूल सगळ्यांना सेम हं. एकदा जरी व्हॅनमध्ये बसलात की राइड संपली, आणि पुढच्या वर्षीपासून व्हॅन परत तुमची." हा नियम त्याच क्षणी जन्माला आला होता, मला काय कळत नाही? पण मी हो म्हटलं. मरेन पण त्या व्हॅनमध्ये बसणार नाही, असं मनाशी ठरवलं.

मग व्हॅनला कोण? केदार ग्रुपमधला सगळ्यात नवा. त्याची बायको ऋचा वर्षापूर्वी नागपूरहून आलेली, डिपेंडंट व्हिसावर, म्हणजे नोकरी करायची परवानगी नाही. लायसन्स मिळून जेमतेम दोन महिने झालेले. "ती तर फ्रीच असते," केदार म्हणाला. मला हायसं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण वाटलं खरं.

शनिवारी सकाळी एडिसनहून तासाभरात लॅम्बर्टव्हिलला पोचलो. पार्किंग लवकर भरतं, आठच्या आत गाठा. कॉफी छान मिळते, पण आमच्यात कॉफी विकत घेणं म्हणजे पोह्यांचा अपमान. मग सायकलींची पूजा. हो, पूजा. बारा कार्बनच्या फ्रेम ओळीने उभ्या, प्रत्येकीला हळदकुंकू, माझ्या जुनीलाही एक टिकली कोणीतरी उदार मनाने लावली. सुहासने पार्किंगच्या कठड्यावर नारळ आपटला, "गणपती बाप्पा मोरया!" कुत्रं फिरवणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंनी थांबून विचारलं, आज लग्न आहे का. केदारने त्यांना खोबऱ्याचा तुकडा दिला.

निघालो, आणि शंभर फुटांवर सुहासचं मागचं चाक फुस्स.

करवंटीचा तुकडा घुसला होता. साहेबांनी स्वतः फोडलेल्या नारळाचा. मग बारा इंजिनिअर, एक चाक आणि फोनवर एक व्हिडिओ, असा पाऊण तासाचा तमाशा. टायर कुठल्या बाजूने काढायचा यावर मीटिंग झाली. आमच्या कॉलेजच्या दारातला पंक्चरवाला असता तर पाच मिनिटांत हाकलून दिलं असतं सगळ्यांना.

आणि मग सुहास व्हॅनकडे बघून म्हणाला, "अगं ऋचा, करवंट्या उचलायच्या असतात ना!"

ऋचा बिचारी गोंधळली. "सॉरी, मला कोणी सांगितलंच नाही." ती खाली वाकून तुकडे वेचायला लागली. केदार हेल्मेटचा पट्टा नीट करत होता.

चार वर्षं कधी पंक्चर झालं नाही, कारण चार वर्षं त्या करवंट्या मी वेचत होते. मोरया म्हणून हे निघाले की मी उकिडवी बसून तुकडे गोळा करायची आणि मग व्हॅन काढायची. मलाही कोणी सांगितलेलं नव्हतं. हे सगळं तिथेच, मोठ्या आवाजात बोलायला हवं होतं. नाही बोलले. तोंड उघडलं असतं तर सुहास म्हणाला असता, वहिनी, थोडा वेळ व्हॅनमध्ये बसून तिला शिकवा ना. मी पॅडलवर पाय ठेवून उभी राहिले.

रस्ता मात्र सुंदर आहे हो, त्याला नावं ठेवणार नाही. लॅम्बर्टव्हिलपासून उत्तरेला निघालं की डाव्या हाताला कालवा आणि त्यापलीकडे नदी, कडेला सायकलीपुरती जागा. कालव्याकाठची पायवाट खडीची आहे, बारीक टायर असतील तर डांबरीवरच राहा. स्टॉक्टनला एक छोटं मार्केट आहे, तिथलं सफरचंदाचं सायडर प्या. आम्ही प्यायलो नाही. तिथे आमची पोह्यांची सुट्टी होती, चाळीस मिनिटं, फोटोंसकट. मी रिकामी बाटली व्हॅनच्या खिडकीत धरली आणि म्हटलं, "अर्धी भर, जास्त गार नको."

स्टॉक्टनच्या पुढे सुहासने नदी सोडून उजवीकडे, डोंगरात नेलं. का? तर ॲपमध्ये चढाई दिसली पाहिजे. लाकडी छताचा एक जुना पूल लागतो, तो बघण्यासारखा आहे. पण तिथपर्यंतचा आणि पुढचा चढ! पुण्यातली आठ वर्षं पहिल्या वळणावर संपली. उतरले, आणि सायकल हातात धरून धापा टाकत चालायला लागले. चालणं नियमात बसत होतं, मी आधीच विचारून ठेवलं होतं.

मागून व्हॅन हळूच शेजारी आली. ऋचाने काच खाली केली. "ताई, बसता का थोडं? पुढे निघून गेले सगळे, कोणी बघून नाही राहिलं."

"अजिबात नाही! तू जा पुढे!" मी खेकसलेच तिच्यावर. तिने काच वर केली.

वर पोचले तर काय? व्हॅन उभी, तिच्या छतावर कार्बनची सायकल, आणि आत कॅप्टन सुहास, खिचडी खाताना. चाकातली हवा परत गेली होती. "मेकॅनिकल इश्यू आहे वहिनी, हे काउंट होत नाही." नियम करणाराच नियमातून सुटला. मी हसले नाही, कारण हसायला दम उरला नव्हता.

मग उताराने फ्रेंचटाउन, तिथून मिलफर्ड. मुक्काम एका जुन्या इनमध्ये, खोली एकशेऐंशीच्या आसपास, ऑक्टोबरात महिनाभर आधी बुक करा. खोलीतून नदी दिसते. संध्याकाळी व्हरांड्यात बारा जण फोनवर आपापले आकडे बघत बसले होते, समोरून एवढी नदी वाहत होती तिच्याकडे एकाचंही तोंड नाही. ऋचा थर्मास विसळत होती. मी पाय गरम पाण्यात टाकून बसले होते.

रविवारी पूल ओलांडून पेनसिल्व्हेनियाच्या काठाने परत. पुलावर सायकल हातात धरून चालावं लागतं, तशी पाटी आहे. हा रस्ता अरुंद, कडेला जागा नाही, दगडी भिंती अगदी अंगाशी येतात, आणि रविवारी मोटरसायकलींचे जथे. पण सपाट आहे. गुडघे ठणकत होते तरी न्यू होपला मी आठवी पोचले. पाच पुरुष माझ्या मागे! सुहास त्या पाचांत. मागून वारा नव्हता म्हणे.

पूल पायी ओलांडून लॅम्बर्टव्हिलमध्ये शिरताना मला खरंच रडू आलं. मिलिंदने पाठीवर थाप मारली, "जमवलंस की गं!" पुलावर ग्रुप फोटो झाला. मी मधोमध, टिकली लावलेली सायकल पुढ्यात धरून.

घरी आल्यावर तो फोटो दहा वेळा बघितला. मग सहज गेल्या चार वर्षांचे काढून बघितले. तोच पूल, तेच चेहरे, तेच वर केलेले अंगठे. मी एकातही नाही, कारण चारही मीच काढले होते. आणि यंदाच्या फोटोत ऋचा नाही. दोन दिवसांत मी तिच्याशी काय बोलले ते आठवायला लागले. बाटली भर. तू जा पुढे. बाकी काहीच आठवेना.

फोन केला. करवंट्यांचं सांगितलं, सॉरी म्हटलं.

"अहो ताई, काही नाही हो," ती खळखळून हसली. "यंदा माझा नंबर होता. पुढच्या वर्षी कोणीतरी नवीन येईलच ना ग्रुपमध्ये, मग तिच्याकडे व्हॅन. तुम्ही नाही का सुटलात तसं."

सुहासला चार वर्षांत जो नियम शब्दांत मांडता आला नव्हता, तो या पोरीला दोन दिवसांत माझ्याकडे बघून कळला होता.

फोन ठेवला आणि ग्रुपवर लिहिलं: पुढच्या वर्षी व्हॅन पहिल्या दिवशी मिलिंद चालवेल, दुसऱ्या दिवशी मी. त्यापुढच्या वर्षी सुहास आणि केदार. नारळ जो फोडेल तो करवंट्या उचलेल.

मिलिंद बाहेरच्या खोलीतून ओरडला, "अगं, मला विचारायचंस तरी!" मी म्हटलं, मला कुठे कोणी विचारलं होतं?

दोन दिवस झाले. सगळ्यांनी वाचलंय, निळ्या खुणा दिसतात. ग्रुपवर अगदी सामसूम आहे, नाहीतर एरवी टायरमधल्या हवेवर रोज पन्नास मेसेज पडतात. फक्त आज सकाळी मला एकटीला ऋचाचा मेसेज आला: "ताई, पाच फूट उंचीला कोणती सायकल घ्यायची?"