हाडाची बाटली

“आजी, तुमच्या जठरात अल्सर झालाय. अल्सर म्हणजे जखम. ती आतल्या आत वाहतेय,” तुळजापूरच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी आडवी होते. छताला पंखा एकच होता, मला दोन दिसत होते.

हे कशामुळं झालं ते सांगते, म्हणजे तुमच्यापैकी कुणी तसं करणार नाही. आम्ही अणदूरकडचे लिंगायत. सकाळी इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय मी अन्नाला शिवत नाही. पण गुडघ्यांमुळं मांडी घालता येईना. म्हणून पूजेआधी दुखण्याची गोळी घ्यायची, तीही उपाशीपोटी. गोळी मेडिकलवाला द्यायचा, डॉक्टरला कोण विचारतंय? गुण यायचा, म्हणून खात राहिले.

मग शौचाला काळं होऊ लागलं, डांबरासारखं चिकट. मला वाटलं, कारळाच्या चटणीनं होत असेल. ते आतलं रक्त होतं. तुम्हाला असं दिसलं तर चटणीवर ढकलू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. मी गाठला नाही. एका सकाळी पूजेवरून उठले आणि तिथंच कोसळले.

दवाखान्यात आधी रक्ताचा नमुना घेतला, मग दोन्ही हातांना सलाईन लावलं. माझा मुलगा शिवानंद तो नमुना घेऊन सोलापूरला पुढं गेला. रक्ताच्या पिशव्या तिकडं, पोटात दुर्बीण घालायची सोयही तिकडंच. मलाही तिकडं न्यायचं होतं, पण ब्लडप्रेशर टिकेना. सलाईन जोरात सोडलं की वर यायचं, जरा वेळानं पुन्हा खाली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा हायपोव्होलेमिक शॉक. म्हणजे नसांत रक्तच पुरेसं उरलं नाही. विहीर तळाला गेली की मोटार नुसती हवा ओढते, तसं माझ्या हृदयाचं झालं होतं. तशीच ॲम्ब्युलन्समध्ये घातली असती तर वाटेतच संपले असते.

“प्लाझ्मा एक्स्पांडर लावावं लागेल,” त्या म्हणाल्या. हे रक्त नव्हे, रक्ताचं काम ते करत नाही. पण साधं सलाईन नसांतून लवकर बाहेर झिरपतं, आणि हे पाणी नसांत धरून ठेवतं. रक्त मिळेपर्यंत प्रेशर सांभाळतं.

बाटली लावता लावता त्यांनी माझ्या गळ्यातल्या लिंगाकडं पाहिलं आणि हात थांबवला.

“आजी, एक सांगायला पाहिजे. ह्यात जिलेटीन आहे. ते जनावराच्या हाडांपासून करतात.”

माझी सून महानंदा पायाशी उभी होती. ती म्हणाली, “मॅडम, कशाला सांगायलाव त्यांना? लावा की गुपचूप. अंड्याचं नाव काढलं तरी ताट सोडून उठतेत त्या.”

“तू गप,” मी म्हणाले. आवाज फुटत नव्हता, तरी तिला बरोबर ऐकू गेलं.

डॉक्टरीणबाईंना विचारलं, “दुसरं काही न्हाय का?”

“आत्ता माझ्याजवळ हेच आहे.”

“आन् न्हाय लावलं तर?”

“जीव जाऊ शकतो. खोटं कशाला बोलू?”

मरायची भीती वाटली. बाटलीची किळसही आली. दोन्ही एकदम. आमच्या सासूबाई खाटकाच्या दुकानावरून जाताना श्वास धरायच्या, त्यांच्या हाताखाली मी घडलेली.

“अंगात कायमचं राहतं का हे?”

“नाही. काही तासांत बरंचसं लघवीवाटे निघून जातं.”

“मग लाव की पोरी. मुतून टाकते.”

नर्सला हसू आवरेना. महानंदाही हसली, डोळे पुसत पुसत.

ह्या औषधाची एखाद्याला ॲलर्जी येते, म्हणून डॉक्टरीणबाई सुरुवातीला जवळच थांबल्या. खाज सुटते का, थंडी वाजते का, विचारत राहिल्या. काही झालं नाही. गार पडलेली बोटं हळूहळू ऊन झाली. प्रेशर टिकलं आणि मला ॲम्ब्युलन्समध्ये घातलं.

सोलापूरला पोचले तेव्हा शुद्धीवर होते. शिवानंदनं रक्ताची सोय करून ठेवली होती. रक्त चढवलं, मग एंडोस्कोपी केली. म्हणजे तोंडातून दुर्बिणीची नळी पोटात घालतात. त्या नळीतूनच वाहती नस चिमटा लावून बंद केली. नळी गिळताना ओकारी येते, पण लवकर आटपतं. घाबरू नका.

लघवीची पिशवी भरली तेव्हा महानंदाला दाखवली. “बघ, गेलं जनावर.”

“आत्याबाई, हळू बोला की, लोक ऐकायलेत,” ती म्हणाली. ऐकू देत.

आता ती गोळी बंद आहे. गुडघे दुखतात. खुर्चीवर बसून पूजा करते, देवाची काही तक्रार आलेली नाही. भावकीतल्या एकदोघींनी शुद्धी करून घे म्हणून सुचवलं. त्यांना चहा पाजून वाटेला लावलं.

आभार मानायचे तर त्या डॉक्टरीणबाईंचे. औषध दिलं म्हणून मानते आणि विचारलं म्हणूनही मानते. म्हातारपणी आपल्याला कोण विचारतंय? भाजी कसली करायची हेसुद्धा आपल्याला ताटात बघून कळतं. त्यांना तर घाई होती, मी अर्धमेली होते आणि घरचं माणूस गुपचूप लावा म्हणत होतं. तरी त्यांनी मलाच विचारलं.

महानंदा अजून मधूनच म्हणते, “आत्याबाई, तवा तुम्ही न्हाय म्हणला असता तर ओ?”

“तर मेले असते,” मी म्हणते. “पण मला विचारून मेले असते.”