सुनेत्रामावशींची आठ झाडं

सुनेत्रामावशी फ्रिजमध्ये गांजाचं बी ठेवतात, अशी बातमी तीन वर्षांपूर्वी आमच्या टेक्सासमधल्या शुगर लँडच्या मराठी ग्रुपवर फिरली होती. पुरावा भक्कम होता. त्यांच्या मुलाकडे, ईशानकडे, आइस्क्रीम शोधताना दह्याच्या डब्यामागे एक प्लास्टिकची पिशवी सापडली, तिच्यात ओला पेपर टॉवेल आणि त्यात चपट्या तपकिरी बिया. बातमी कोणी पसरवली ते विचारू नका. त्यांना शेजार एकच आहे.

त्या बिया मिल्कवीडच्या होत्या. हे इथलंच, टेक्सासच्या मातीतलं रानझाड. बियांना महिनाभर गारठ्यात ठेवून हिवाळा झाला असं भासवावं लागतं, नाहीतर त्या उगवायचं नाव घेत नाहीत. "मोनार्क फुलपाखरं मेक्सिकोतून वर येतात ना, ती ह्याच झाडावर अंडी घालतात. अळ्या दुसरं काही खात नाहीत," मावशींनी मला समजावलं.

"म्हणजे आमच्या पोरांसारख्याच. पिझ्झा, नाहीतर उपास."

मावशी हसल्या नाहीत.

मावशी मूळच्या नागपूरच्या. काका गेल्यावर ईशान त्यांना इकडे घेऊन आला. गाडी चालवता येत नाही, आणि इथे गाडी नसली की माणूस कोथिंबिरीच्या जुडीसाठीही शनिवारची वाट बघतो. "ईशान, तू मला आणलंस की पार्सल मागवून ठेवलंस?" असं त्या एकदा म्हणाल्या होत्या. घरात सोफा ईशानचा, किचन सुनेचं. मावशींचं स्वतःचं म्हणावं असं काय, तर आमच्या दोघांच्या घरांमधली ती मातीची पट्टी.

पहिल्या वर्षी तिथे काही उगवलं नाही. दुसऱ्या वर्षी बोटभर रोपं आली आणि पाठोपाठ कॉलनीच्या असोसिएशनचं पत्र आलं: तण काढा. मावशींनी स्वतःच्या अक्षरात, शाळेच्या इंग्रजीत, दोन पानी उत्तर लिहिलं. तिसऱ्या वर्षी, म्हणजे यंदा, गुडघ्याएवढी आठ झाडं झाली, आणि मार्च संपता संपता एक फुलपाखरू खरोखरच आलं.

"राजेश, इकडे ये. हे बघ, पानाच्या मागे."

"कुठे?"

"अरे, खसखशीएवढं आहे. नीट बघ."

चष्मा घरी होता. "दिसलं, दिसलं," म्हणालो. काही दिसलं नव्हतं.

पुढे हनुमान जयंती आली, यंदा शनिवारी. पूजा दरवर्षी आमच्याकडे असते. मारुतीला रुईच्या पानांची माळ लागते आणि टेक्सासात रुई आणायची कुठून? दहा वर्षं आमचा मारुती प्लास्टिकच्या पानांवर भागवत होता. त्या सकाळी गाडी पुसताना माझी नजर मावशींच्या झाडांवर गेली. जाडसर पान. एक खुडून पाहिलं तर पांढराशुभ्र चीक. रुईची सख्खी चुलत बहीणच! मावशी ईशानबरोबर सामान आणायला गेल्या होत्या. पूजेची पानंफुलं शेजारच्या कुंपणातून न विचारता घ्यायची सवय माझ्या व्हिसाबरोबरच पुण्याहून आलेली. आठही झाडं ओरबाडली. एकशे आठ पानं भरली. ओल्या फडक्याने एकेक पुसलं, टूथपिकने चंदनाचा 'राम' काढला. बायको, राधिका, म्हणाली, "विचारलंस का त्यांना?" मी म्हटलं, "देवाचं काम आहे, त्या खूशच होतील."

अकरा वाजता मावशी आल्या. अंगावर ठेवणीतली साडी, हातात प्रसादाच्या शिऱ्याचा डबा. मारुतीकडे बघून हात जोडायला गेल्या आणि हात तसेच राहिले.

"ही पानं कुठली?"

"तुमच्याच दारची, मावशी!" मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. "यंदाचा मान तुमचा."

"पुसलीस?"

"चकाचक. दोन-चार किडे होते, झटकून टाकले."

त्यांनी डबा टीपॉयवर ठेवला आणि चप्पल न घालताच बाहेर पडल्या. आत आरती सुरू झाली. खिडकीतून बघितलं, तर मावशी साडी खोचून गवतात ओणव्या झालेल्या, बोटांनी एकेक पातं बाजूला करत. आरती अर्धवट सोडून मीही बाहेर गेलो.

अळ्या सापडल्या नऊ. काळे-पिवळे-पांढरे पट्टे, करंगळीच्या पेरापेक्षाही लहान. अंडी किती गेली ते फडक्यालाच माहीत. उरलेल्या दांड्यांवर अळ्या ठेवल्या, तर त्या टोकापर्यंत चढून परत उतरायच्या.

दुपारी मी मावशींना गाडीत घालून मिल्कवीडची रोपं आणायला नर्सरीत नेलं. तिथल्या मुलीला विचारलं, झाडांवर औषध मारलंय का? तिला सांगता येईना. मावशी म्हणाल्या, "मग नको. विष घालून पोट भरू?" कोणीतरी सांगितलं, चाळीस मैलांवर रस्त्याकडेला ही झाडं रानोमाळ आहेत. गेलो. कडेचं गवत नुकतंच कापलेलं, हिरवा वास अजून येत होता. मावशी त्या भुश्यातून अर्धा तास फिरल्या. पदरात आली चार पानं, तीही कोमेजलेली.

रविवारी त्यांनी माळ मागितली. राधिकाने ती देवाच्या गळ्यातून काढून दिली. मावशींनी सगळी पानं धुतली, तरी चंदन लागलेल्या पानांना अळ्या तोंड लावेनात. कोणाच्या तरी सल्ल्याने भोपळ्याचे काप ठेवले. अळ्या त्यांच्यावरून चालत गेल्या, बस्स.

रविवारी संध्याकाळी पाच होत्या. सोमवारी तीन. ईशान म्हणाला, "आई, लेट इट गो ना, नेक्स्ट इयर परत येतील." मावशी म्हणाल्या, "येतील. ह्या नाही."

बुधवारी सकाळी गेलो तेव्हा एकच उरली होती. एका दांडीच्या बुडाशी नखाएवढा नवा कोंब फुटला होता. मावशी मातीत मांडी घालून, अळीला त्या कोंबाशी धरून बसल्या होत्या. अळी हलत होती की नाही, मला चष्मा लावूनही कळेना.

माफी मागायला गेलो होतो, पण जन्मभराची खोड, तोंडातून निघालं भलतंच. "मावशी, आता असं समजा की पानं मारुतीच्या पोटात गेली. पुण्य तुम्हालाच."

त्यांनी मान वर केली नाही. म्हणाल्या, "राजेश, मारुतीला भूक लागली तेव्हा तो सूर्य गिळायला निघाला होता. हिला एवढं एकच पान खाता येतं."