गुडघेवाल्यांची सकाळची बॅच

गुडघे दुखायला लागले की माणूस चालतो कमी आणि बोलतो जास्त. त्यामुळे वसईतल्या आमच्या फिजिओथेरपीच्या सकाळच्या बॅचमध्ये व्यायाम किती होतो ते देवाला ठाऊक, किस्से मात्र ढिगाने साठतात!

बॅच छोटीशी. मी निर्मळचा, एसटीतला रिटायर्ड कंडक्टर. चंदनसारचे नाईक सर, मोबाइलवर येणारा प्रत्येक घरगुती उपाय स्वतःवर करून बघणारे. आणि पाचूबंदरच्या फिलूमावशी, बाजारात मासळी विकणाऱ्या. तिघांनाही संधिवात. आम्हाला कामाला लावणारी डॉक्टर स्नेहा वयाने आमच्या मुलींएवढी, पण आवाज आमच्या डेपो मॅनेजरचा!

क्लिनिक पहिल्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. पहिल्या दिवशी कठडा धरून धापा टाकत वर पोचलो आणि तिलाच झापलं, "गुडघ्यांचा दवाखाना वर काढायची अक्कल कोणाची?"

ती शांतपणे म्हणाली, "काका, वर आलात ना? म्हणजे केस होपलेस नाहीये!"

*

मग तिने माझा एक्स-रे उजेडाला धरला. "दोन हाडांमधली गॅप कमी झालीये, काका. झीज आहे. नोकरीत उभं राहायचं काम होतं का?"

म्हटलं, "उभं राहायचं आणि ओरडायचं. पुढे सरका, पुढे सरका! पब्लिकने कधी ऐकलं नाही. हाडांनी ऐकलं!"

हसली. पण तेव्हाच तिने स्पष्ट सांगून टाकलं, की हे दुखणं मुळापासून जाणार नाही, मांड्यांचे स्नायू तयार केले तर त्याच्याबरोबर नीट जगता मात्र येईल. त्या दिवशी खाली उतरताना मला रडू येत होतं, खोटं कशाला बोलू?

*

नाईक सरांना कोणीतरी फॉरवर्ड केलं, की गुडघ्याला कोबीचं पान बांधलं की सूज उतरते. सरांनी बांधलं, वरून पॅन्ट चढवली आणि तसेच बॅचला आले. पाय वर उचलायचा व्यायाम सुरू झाला आणि पॅन्टच्या पायातून एक हिरवं पान हळूच बाहेर आलं.

फिलूमावशींनी ते उचलून सरांच्या हातात दिलं. "सर, भाजी परली तुमची! सांजच्याला घरी या, करंदी घालून बनवते!"

सरांनी त्यानंतर घरगुती उपाय सोडले असं नाही. फक्त आता पातळ उपाय करतात, तेलं वगैरे.

*

हसवतात मावशी, पण सगळ्यात जास्त अडचण त्यांचीच होती. बाजारातली त्यांची जागा सासूकडून आलेली. तिथे जन्मभर जमिनीवर बसून त्यांनी मासळी विकली. आता बसल्या की उठता येईना. शेजारच्या दोघी काखेत हात घालून त्यांना उभं करायच्या. पाऊस लागला तसं दुखणं वाढलं आणि सून मागे लागली, की आई, पुरे झालं, आता घरी बसा. सून चांगली आहे हो, काळजीनेच बोलत होती.

मावशींनी आम्हाला विचारलं, "घरी बसायला पन बसावंच लागते ना?"

आम्ही हसलो. त्या हसल्या नाहीत. डोळे पुसत म्हणाल्या, "जागा रिकामी दिसली का दुसरी बसते. आनि मना घरात कोन इचारनार, कंडक्टर? बाजारात मना गाव वलखते."

स्नेहाने त्यांच्या हातात रुमाल दिला आणि म्हणाली, "मावशी, जमिनीवर बसणं बंद. बाजार बंद नाही. उंच स्टूल घ्या, टोपलीखाली क्रेट लावा. आणि हात न टेकता उठायची प्रॅक्टिस रोज करायची."

मावशी रडता रडता थांबल्या. "स्टुलावर? गिऱ्हाईक म्हनंल, कोलीन बँकेत लागली!"

*

मधल्या काळात त्यांना आणखी एक टोचणी होती. देवळात, म्हणजे चर्चमध्ये, सगळे गुडघे टेकायचे तेव्हा यांना बाकावर बसून राहावं लागायचं. लाज वाटायची. शेवटी एका रविवारी मिस्सा संपल्यावर त्या फादरना गाठून म्हणाल्या, "फादर, देवापुढं गुडघं टेकत नाय मी. पाप लागंल का?"

फादरनी इकडेतिकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "मावशी, तुमच्या बॅचमधलं ते कोबीचं पान खरंच उपयोगी पडतं का?"

*

श्रावणात माझाच धीर सुटला. उजवा गुडघा असा सुजला की वाडीतल्या केळी बघायला जाणंही होईना. बॅच बंद केली. बायको सांगून थकली. मग एके दिवशी मावशींचा फोन.

"कंडक्टर, गारी डेपोत का लावलीव?"

"ब्रेकडाऊन आहे, मावशी."

"मंग मेकॅनिककरं जा ना! घरी ठेवून कोनची गारी चालू झालीय?"

दुसऱ्या दिवशी गेलो. स्नेहाने ओरडा केला, बर्फाने शेकवलं, व्यायाम अर्ध्यावर आणले. महिनाभरात पुन्हा वाडीत उतरलो, हळूहळू का होईना. आनंद झाला, इतका की बॅचला वेलची केळ्यांचा घड नेला.

*

परवाच्या रविवारी पिशवी घेऊन बाजारात गेलो होतो. फिलूमावशी उंच स्टुलावर, समोर क्रेटवर टोपली. एक बाई गाडीतून उतरल्या, पापलेटं उलटीपालटी करून बघितली, भाव विचारला आणि सरळ निम्म्यात मागितली.

"नाय परवरत, ताई."

बाईंनी पापलेट टोपलीत टाकलं. "राहू दे मग!" म्हणाल्या आणि निघाल्या. पण कशा? अगदी सावकाश, मागून हाक येणार या खात्रीने.

हाक आली नाही. फिलूमावशी हात कुठेही न टेकता स्टुलावरून उठल्या, पदर खोचला आणि बाईंच्या उलट्या दिशेला चालू लागल्या. टोपली तिथेच! शेजारच्या कोळणी बघतच राहिल्या. मीही.

बाई गोंधळून टोपलीपाशी परत आल्या. "अहो मावशी! अहो, थांबा ना! कुठे चाललात?"

मावशी बर्फाच्या पेट्या ओलांडून केव्हाच पुढे गेल्या होत्या. मागे वळूनसुद्धा न बघता त्यांनी तिथूनच आवाज दिला,

"घरी! भाव तुमालाच कलते ना? मंग बसा माज्या जाग्यावर, नि इका तुमीच!"