कोर्टाच्या ओसरीवरची आमची विहीर

गेल्या वर्षी मार्गशीर्षातला सोमवार. रक्कम तीन लाख वीस हजार. हजर: मी, माझा धाकटा भाऊ, आमचा थोरला चुलत भाऊ, त्याची बायको आणि दोन वकील. जागा तालुक्याच्या जुन्या दगडी कोर्टाची ओसरी.

काळ्या दगडाची ही इमारत इंग्रजांच्या वेळची. आता ती वारसा यादीत आहे. खिळा ठोकायलाही परवानगी लागते. बाहेर पाटीवर तिचा इतिहास लिहिला आहे. आमच्या घराण्याची भर त्यात नाही. ओतूरजवळच्या सामाईक विहिरीच्या दाव्यात आजोबांनी सख्ख्या भावाचे डोके याच पायरीवर फोडले. वडिलांनी या चुलत भावाच्या वडिलांना बाकासकट कठड्यावर ढकलले. तिथली सागवानी पट्टी अजून तारेने बांधलेली आहे.

त्या दिवशी हे संपणार होते. चुलत भावाने पैसे घेऊन विहिरीतला हिस्सा सोडायचा, साहेबांपुढे सह्या करायच्या. दोन्ही पक्ष एकाच जीपने आलो होतो, भाडे निम्मे निम्मे. मी बाकावर नोटा मोजत होतो.

“मोज राव, नीट मोज,” चुलत भाऊ म्हणाला. “तुमी पाणीबी असंच थेंब मोजून देत व्हता.”

“दादा, गप बस की. पाच मिनटांचं काम हाय,” मी म्हणालो.

“गपच हाय. तुमचा बाप माज्या बापाला मारून रातच्याला पाया पडाया आला व्हता, त्ये कुटं बोलतोय?”

इमारतीची दुरुस्ती चालू होती. गवंड्याची पहार खांबाला टेकवलेली होती. धाकट्याने ती उचलली. पहिला घाव खांबावर बसला. दगडाचा टवका उडून एका वकिलाच्या गालात घुसला. दुसरा घाव चुलत भावाने उजव्या हातावर झेलला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मी धाकट्याच्या कमरेला मिठी मारली, त्याने कोपराने माझे दोन दात पाडले.

“भावजी, हात बघा ओ ह्यांचा!” वहिनी किंचाळली. हात कोपराखाली उलटा लोंबत होता. नोटा रक्ताने चिकटल्या होत्या.

धाकट्याला पोलिसांनी नेले. जखमीला मी जीपमध्ये घालून मंचरच्या दवाखान्यात नेले. दोन ऑपरेशने झाली. बोटे हलतात, मूठ वळत नाही. सह्या झाल्याच नाहीत. विहीर सामाईकच आहे.

त्याच नोटांतले दोन लाख चौऱ्याहत्तर हजार दवाखान्याला भरले. उरलेले घेऊन वहिनीकडे गेलो.

“हे हिरीचे का हाताचे?” तिने विचारले. “हिरीचे असले तर आमी घ्यायचो न्हाई.”

“हाताचे,” मी म्हणालो.

शेहेचाळीस हजार तिने घेतले.