कमरेवरचं चालणं

दादाला त्या यंत्रात पहिल्यांदा उभं पाहिलं तेव्हा मला भीती वाटली. मांड्यांना आणि पोटऱ्यांना पट्टे, कमरेला आणि गुडघ्यांना मोटरी, पाठीवर बॅटरी. मोटर घूं करायची, त्याचा पाय उचलला जायचा आणि पुढे जाऊन टेकायचा. चेहरा दादाचा, पाऊल दुसऱ्याच कुणाचं.

अकोल्याच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये तो हमाल होता. थप्पीवरून रुईची गठाण, दाबून बांधलेला भला मोठा गठ्ठा, निसटली ती त्याच्या कमरेवर आली. पाय गेले, मांडीत जरा जाणीव उरली. उपचाराचं केंद्र अमरावतीला, म्हणून तो माझ्याकडे राहायला आला. तिथल्या फिजिओथेरपीच्या मॅडम सांगत, असलीच यंत्रं आता ओझी उचलणाऱ्यांसाठीही निघाली आहेत, कमरेला बांधायची. दादा हसला. "उलटं झालं ना मॅडम. आधी हे भेटाले पायजे होतं, मंग गठाण."

तिकडे गावी, बार्शीटाकळीला, आई नवस बोलली होती. थोरला आपल्या पायानं चालेपर्यंत दिवसातून एकदाच जेवायचं. तिला साखरेचा आजार, गोळ्या चालू. एक दिवस वहिनीचा फोन आला. माय मोरीत चक्कर येऊन पडली, डॉक्टर रागावले, पण ती कोणाचंच ऐकत नाही.

दुसऱ्या दिवशी केंद्रात मी दादाच्या खांद्यांवर त्याचा दुपट्टा टाकला.

"थंडी नाई ना बे," तो म्हणाला.

"राहू दे."

थंडी नव्हतीच. खांद्यावरचे पट्टे झाकायचे होते. मग मोबाईलवर व्हिडिओ घेतला तो कमरेच्या वरचाच. हातातला वॉकर नको, मागून धरणाऱ्या मॅडम नकोत. फक्त घामेजलेला चेहरा आणि मागे सरकत जाणारी खिडकी. घरी येऊन व्हिडिओतला मोटरीचा आवाज तेवढा काढून टाकला आणि आईला पाठवून दिला.

आईचा लगेच फोन. "पाय काहून नाई दिसत रे?"

"मोबाईल जवळ होता, माय."

"असू दे. तोंडावरूनच समजते, उभा हाय."

संध्याकाळी ती पोटभर जेवली, असं वहिनीनं कळवलं. मला सुटल्यासारखं वाटलं. दादाला यातलं काहीच सांगितलं नाही. व्हिडिओतून काढलेला तो आवाज मात्र तेव्हापासून माझ्या मागे लागला. मिक्सर लागला, कुणाच्या घरी पाण्याची मोटर सुरू झाली, की मी नकळत पाऊल पडण्याची वाट पाहत थांबतो. आजही.

दिवाळीत केंद्र बंद राहणार म्हणून भाड्याच्या गाडीनं आम्ही गावाकडे निघालो. यंत्र केंद्राचं, ते तिथंच राहिलं. दादा खुशीत होता. "उजवी मांडी आता माह्या मनानं आवळते. मॅडमनं हात लावून पाह्यलं. म्हणे, असंच चालू ठेवा, खंड पाडू नका." मूर्तिजापूर मागे पडलं, बोरगाव मागे पडलं. सांगायला रस्ता पुरेसा होता. मी ड्रायव्हरशी कपाशीच्या भावाबद्दल बोलत राहिलो.

गल्ली जमली होती. आईनं सगळ्यांना व्हिडिओ दाखवला होता. दारात रांगोळी, आणि उंबऱ्याच्या आत ती स्वतः, ओवाळून टाकायला भाकरीचा तुकडा आणि पायांवर घालायला पाण्याचा तांब्या घेऊन. आमच्याकडे दवाखान्यातून आलेल्या माणसाला तसं केल्याशिवाय घरात घेत नाहीत.

"या पैलवान!" शेजारचे काका ओरडले. "उतरा भाऊ, लाजता काय नव्या नवरीवानी?"

दादा हसत माझ्याकडे वळला. त्याला वाटलं, गंमत चालली आहे. मी डिकी उघडली आणि व्हीलचेअर काढली. आईनं खुर्चीकडे पाहिलं, दादाकडे पाहिलं.

"रस्त्यात काई झालं काय रे?" ती म्हणाली. "त्या व्हिडिओत तं चालत होता तू."

दादाचं हसू गेलं. मी दुपट्टा का टाकला होता ते त्याला तेव्हा कळलं असावं. तो माझ्याकडे बघत राहिला, मग आईकडे वळला.

"हो माय. रस्त्यानं हादरे लय बसले. पायातली ताकदच गेली."

माझ्यासाठी त्यानं ते केलं. मी तोंड उघडायला हवं होतं. उघडलं नाही. आईनं तुकडा ओवाळून दूर टाकला, तांब्यातलं पाणी खुर्चीच्या पायदानावर ठेवलेल्या त्याच्या पावलांवर ओतलं. थंड पाणी होतं. पावलं दचकली नाहीत.

तिच्या लेखी नवस फिटला होता, पोरगा चालला होता, आणि अमरावतीच्या रस्त्यानं त्याचं चालणं हिरावलं होतं. दिवाळी झाल्यावर मी गाडी घेऊन न्यायला गेलो तर ती दारात आडवी आली. "त्या रस्त्यानं आता नाई. होतं नवतं तेबी जाईन." दादा म्हणाला, "राहू दे लहान्या. आता काय सांगशील तिले?" सांगण्यासारखी एकच गोष्ट होती. त्या हिवाळ्यात मी ती सांगितली नाही, उन्हाळ्यातही नाही. दादाच्या पोटऱ्या वाळत गेल्या.

गेल्या महिन्यात सांगितली. आई पदराचं टोक पिळत बसली. "म्हणजे तो चाललाच नवता?"

मी काही म्हणण्याआधी खाटेवरून दादा बोलला. "चाललो होतो, माय. मशिनीत चाललो, पण चाललो."

"मंग ने त्याले," ती मला म्हणाली. "आजच ने."

मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, गुडघे आखडले असतील तर यंत्र बसत नाही, आधी ते पूर्ण सरळ होतात का बघा. आता दर शनिवारी मी बार्शीटाकळीला जातो, त्याची टाच हातात धरतो आणि दुसऱ्या हातानं गुडघा दाबतो. एका जागी गुडघा अडतो. लाकडासारखा.

"दाब ना," दादा म्हणतो. "मले काई समजत नाई तिथं."

आई शेजारी बसून माझ्या हाताकडे बघत असते. मी दाबतो, आणि माझाच हात मागे येतो.