आमचं धाबं फोडलं तेव्हा

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला मीच. हे सांगताना मला आजही लाज वाटत नाही. वडील मराठी चौथी शिकलेले, पण म्युनिसिपालिटीचे प्रेसिडेंट, आणि तेही वर्षानुवर्षं. सगळं गाव त्यांना नाना म्हणे, आम्हीही. कचेरीत इंग्रजी कागद आला की ते तो घरी आणून माझ्यापुढे टाकत.

मी बी.ए. होऊन आलो त्या वर्षी गावात प्लेग शिरला. घरात मेलेला उंदीर सापडला की घर सोडून माळावर तुराट्यांच्या झोपडीत जायचं, आणि म्युनिसिपालिटीची माणसं येऊन धाब्याला भोक पाडणार, म्हणजे त्या मातीच्या छपरातून ऊन आत पडेल. ठराव नानांचा. मसुदा माझा, जंतूंवर दोन वाक्यं पदरची घालून.

गल्लीच्या टोकाला एक विधवा बाई राहायची. तिचं धाबं फोडलं तेव्हा ती कमरेवर हात ठेवून नानांसमोर उभी राहिली.

"मन्हं बठ्ठं घर उघडं पाडं, नाना. तुमना घर उंदरं मरतस नही का?"

"मरतील तेव्हा माझंही फोडतील," नाना म्हणाले.

धाकट्या बहिणीचं लग्न तोंडावर आलेलं. मुलगा पारोळ्याचा. चार दिवस उरले असताना धान्याच्या कोठीमागे मला मेलेला उंदीर दिसला. मी आईला हाक मारली. तिने चिमट्याने उचलून तो चुलीत घातला आणि म्हणाली, "चारच दिवस. लग्न होऊ दे, मग तूच सांग त्यांना."

मी गप्प राहिलो. पण एका जागी बसवेना. कोपरे हुंगत फिरायचो. कुणी खोकलं की दचकायचो. काहीतरी निमित्त काढून बहिणीच्या कपाळाला हात लावून बघायचो. नाना मात्र सकाळी यादी घेऊन निघत, कोणाकोणाची घरं उघडायची त्याची.

हळदीच्या दिवशी पारोळ्याहून उष्टी हळद आली. मी पुन्हा कोठीमागे वाकलेला बघून मावशी ओरडली, "अरे बी.ए., तिथे काय शोधतोस? नवरी? तुझीही आणू की!" बायका हसल्या.

थोड्या वेळाने बहीण सूप काढायला त्याच खोलीत गेली आणि तशीच माझ्याकडे आली. हात कोपरापर्यंत पिवळे.

"दादा, तिथे उंदीर पडलाय. तुला माहीत होतं ना?"

"दोनच दिवस राहिलेत गं..."

"तुझे जंतू मुहूर्त बघून येतात का?"

नाना जेवत होते. ती सरळ त्यांच्यापुढे जाऊन बोलली. मी दारातच.

नाना भरल्या ताटावरून उठले. माणसं आली, पण वर चढेनात. "नाना, लग्न लागल्यावर बघू की..." नानांनी त्यांच्या हातातली पहार घेतली आणि शिडीला लागले. खालून आई म्हणाली, "गावाचे बाप झालात. हिचे कधी होणार?"

वर पहारीचे घाव सुरू झाले. मांडलेल्या रुखवतावर माती पडू लागली. ती विधवा बाई दारात आली होती. मला वाटलं, आता ही टोमणा मारणार. तिने आमची दोन भांडी डोक्यावर घेतली आणि माळाकडे चालू लागली.

झोपडीत नानांनी पारोळ्याला पत्र सांगितलं, मी लिहिलं. 'घरात उंदीर पडला. आम्ही माळावर आहोत. आपला विचार कळवावा.' शेवटी मी 'काळजीचे कारण नाही' असं जोडलं.

"कारण आहे," नाना म्हणाले. "खोड ते."

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. त्यांनी लग्न मोडलं होतं. नानांनी ते स्वतः बहिणीला वाचून दाखवलं, एकेक अक्षर लावत.

"मग ही हळद धुऊ का, नाना?"

भर सभेत वकिलांना गप्प बसवणारे नाना. ते उठले, घागर घेऊन नदीवर गेले आणि आणलेलं पाणी स्वतः तिच्या हातांवर ओतू लागले. आई पाठ करून बसली होती. एका घागरीत हळद निघाली नाही.

दुसरी आणायला मी उठलो.

"तू राहू दे, दादा," बहीण म्हणाली.