आईचं लुगडं आणि धाराशिवचा सेल

आम्ही जळकोटहून निघालो, तेव्हा अण्णा ज्वारीतली पाखरं राखायला चालले होते. हातात गोफण आन् तोंडात हुकूम. "हिरवं आणा. काठ रुंद बघा. उगं येड्यावानी फिरत बसू नका."

अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांचा आवाज मला हुबेहूब काढता येतो. आधी घसा खाकरायचा, मग शब्द गोफणीतनं सुटल्यासारखा फेकायचा.

आमच्याकडं बायकांची लुगडी पुरुषच आणतात. आईनं लग्न झाल्यापासून लुगड्याच्या दुकानाची पायरी चढलेली नव्हती. अण्णा आणतात, आन् हिरवंच आणतात. आमच्या दोरीवर तीन लुगडी वाळत घातली तरी शेजारणीला वाटतं, एकच हाय, लई लांब हाय! यंदा राखणीमुळं अण्णांना सवड नव्हती आन् मला शाळेची नाताळची सुट्टी होती. धाराशिवात नाताळ उलटल्यावर एका दुकानात सेल (उरलेला माल स्वस्तात काढणं) लागलाय, ही बातमी मीच घरी आणली. आई म्हणाली, "एकदा माज्या मनानं निवडीन रं. मग मेले तरी चालंल."

"मरतीस कशाला? यष्टीनं जाऊ की."

नळदुर्गला गाडी इतकी भरली की कंडक्टरचा आवाज बसला. मागनं मीच त्याच्या आवाजात ओरडलो, "पुढं सरका, पुढं लई जागा हाय!" सगळी गाडी सरकली. कंडक्टर मात्र स्वतःचाच गळा चाचपत राहिला. तुळजापुरात सगळ्यांनी खिडकीतनं हात जोडले, आईनं जरा जास्तच वेळ जोडले.

धाराशिवात उतरल्यावर आधी बागेत गेलो. निजामाच्या राज्यात ती साहेबलोकांची बाग होती, फाटकाला कुलूप असायचं. आता कुणीबी जावं. थंडीचं कोवळं ऊन पडलेलं, दोन्ही अंगाला गुलमोहर, मधनं लाल मुरमाची वाट. थोडं चालल्यावर आई थांबली.

"आपुन कुठं चाललोय?"

"कुठं न्हाय. फिरायलोय."

"डोक्यावर काय न्हाय, काखंत काय न्हाय, आन् नुस्तं चालायचं?" असं म्हणून ती खुदकन हसली. पुढं हिरवंगार गवत दिसलं. "एवढं गवत, आन् एक म्हस न्हाय?" असं म्हणत ती त्यावर उतरणार, तोच माळीचाचा ओरडले, "ओ बुवा (आत्याबाई), घास पे नक्को चलो!"

"मग कशाला लावलंय?" आईनं विचारलं.

चाचांनी दाढी खाजवली. "मैं भी बीस बरस से सोच रहूँ, बुवा." अन् त्यांनी तिला एक गुलाब तोडून दिला. तो लगेच अंबाड्यात गेला.

हॉटेलात भजी खाल्ली, बशीतनं चहा प्यालो. बाजाराच्या वाटेवर एका ख्रिस्ती मास्तरांच्या घराला अजून कागदी चांदण्या लटकत होत्या. दुकान नवंकोरं, काचेचं. पाटीवरच्या मराठी रंगाखालनं जुनी उर्दू अक्षरं डोकावत होती. आत फळ्यांवर लुगड्यांचे ढीग, आन् बायका अवघडून उभ्या.

आईनं दाराशी चपला काढल्या, सरळ मधोमध गेली आन् फरशीवर मांडी घालून बसली. तिला खरेदी ठाऊक ती खणवाल्याची. तो आमच्या ओसरीवर बसतो, पाणी पितो, मग गाठोडं सोडतो.

टाय लावलेले तरुण शेटजी धावत आले. "बाई, उभ्यानं बघायचं असतंय! सेल हाय हा!"

"उभ्यानं? लुगडं काय म्हस हाय का, उभी करून बघायला?"

सगळं दुकान हसलं. एक बाई बसली, तिला बघून दुसरी, मग सगळ्याच टेकल्या. शेटजींनी कपाळाला हात लावला, नोकराला सतरंज्या अंथरायला सांगितलं आन् शेवटी टाय सैल करून स्वतःच खाली बसून घड्या मोडायला लागले.

आईचा हात एका लुगड्यावर थांबला. वांग्याच्या फुलासारखं जांभळं, त्याला पिवळा काठ. ती त्यावरनं बोटं फिरवत राहिली. मग हात हळूच हिरव्याकडं वळला. "ह्यांला न्हाय आवडायचं," ती पुटपुटली.

मी मागनं घसा खाकरला. "हंऽ! तुला आवडंल ते घे की!"

आईनं दचकून पदर डोक्यावर ओढला. मागं अण्णा नाहीत हे तिला कळलं, पण ती वळली नाही. फरशीकडं बघत म्हणाली, "मला हेच पायजे. हिरवं नेसून नेसून माजा चारा झालाय."

शेजारी बसलेली बाई मला म्हणाली, "बाबा, माज्या मालकाचाबी आवाज काढ की रं!"

जांभळ्याचं पुडकं झालं.

परतीच्या गाडीत मात्र आईचा चेहरा उतरला. "त्यांनी खरंच असं म्हणलं नसतं."

"न्हाय."

"मग घरी काय सांगू?"

"सांग, हिरवं संपलं हुतं."

ती पुडकं उराशी धरून बाहेर बघत राहिली. मला वाटलं, धाराशिव आमच्यापासनं काही विलायत न्हाय, पण तिला तिथवर जायला अर्धा जन्म लागला. आन् खरा अवघड टप्पा अजून पुढंच होता, आमच्या उंबऱ्याचा.

घरी पोचलो तर अण्णा कंदील पुसत बसलेले. त्यांनी पुडकं सोडलं. "हे कुणाचं?"

"माजं."

"कुणी निवडलं?"

मी तोंड उघडलं, पण आई आधी बोलली. "म्या."

अण्णांनी लुगडं कंदिलापाशी धरलं, काठ बघितला, पदर बघितला. "जांभळं आवडतं, हे इतक्या वर्सांत बोलली का न्हाईस?"

"तुमी इचारलं कवा?"

अण्णांनी चुलीवर ठेवलेली डाळ उतू चालली होती, पण कुणी उठेना. अण्णांनी लुगड्याची घडी वाकडीतिकडी घातली आन् आईच्या हातात दिली.

"नेस. बघू तरी."

आई आत गेली. अण्णांनी कंदिलाची वात मोठी केली आन् दाराकडं तोंड करून बसले.